उलटं बारसं

"हात उचला, जावईबापू!"

श्रीरंगचा हात तांदळात होता. समोर चांदीचं ताट, ताटात पसरलेले तांदूळ, त्याच्या चिमटीत सोन्याची अंगठी आणि अंगठीच्या कडेनं नुकताच गिरवलेला 'मृ'. त्या 'मृ'चा त्यानं आठवडाभर स्वैपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात सराव केला होता, हे मला नंतर कळलं. पुढचं सगळं सोपं होतं. आणखी दोन अक्षरं, की मी भाटकरांची मृणाल झाले असते.

पण आवाज माझ्या ठकूआत्याचा होता, आणि ठकूआत्यानं 'हात उचला' म्हटलं तर फौजदारसुद्धा उचलेल. श्रीरंगनं दोन्ही हात वर केले. अंगठी उडाली आणि भटजींच्या पंचपात्रात टुपकन बुडाली.

"आता काय झालं?" माई म्हणाल्या. माई म्हणजे माझ्या ताज्या सासूबाई, सकाळीच झालेल्या.

"हे नाव कुणाचं?" आत्यानं विचारलं.

"कुठलं?"

"जे पुसायला निघालात ते."

"सुनेचंच की."

"तिचं नाही, माझं. मी ठेवलंय. तुम्हाला नको असेल तर नको. पण उष्ट्या पत्रावळीसारखं टाकून नाही द्यायचं. रीतसर परत करा."

माईंनी भटजींकडे बघितलं. भटजी पळीनं अंगठी शोधत होते.

ते नाव होतं आगबोट.

हो, आगबोट. आगबोट सदानंद मयेकर, राहणार जयगड. मुंबईहून कोकणात बोटी यायच्या, तेव्हाची ही गोष्ट. पावसाळ्यात बोटी बंद. त्याआधीची शेवटची बोट धरून माझी आई बाळंतपणाला निघाली, सोबतीला ठकूआत्या. मी जयगड येईपर्यंत थांबले नाही.

पाळण्यात घालून कानात नाव सांगायचा मान आत्याचा. घरच्यांनी ठकूआत्याकडून 'सुनीता, सुनीता' असं घोकून घेतलं होतं. बारशाच्या दिवशी ती पाळण्यात वाकली, बायकांनी तिच्या पाठीत रिवाजाप्रमाणे धपाटे घातले, आणि ती उठून खणखणीत आवाजात म्हणाली, "आगबोट!"

"ठकू, परत सांग," आजोबा मोठ्या आशेनं म्हणाले.

तिनं परत सांगितलं. तेही आगबोटच.

"अगं, बोटीवर झाली म्हणून बोटीचं नाव?" माझे बाबा म्हणाले. "मी अंगणात झालो. मला कुणी अंगण म्हणतं?"

"तुला आत्या नव्हती म्हणून वाचलास," आत्या म्हणाली. विषय संपला. आत्याच्या तोंडून कानात गेलेलं नाव बाहेर काढायची सोय आमच्याकडे नव्हती.

लहानपणी मला या नावाचा फार फायदा झाला. बोट लांबून दिसली की सगळं गाव "आगबोट आली, आगबोट आली" ओरडत बंदराकडे धावायचं. शाळेत जायला लागेपर्यंत माझी पक्की समजूत होती, की हे लोक माझ्याच नावाचा गजर करतात. मी आईच्या कडेवरून त्यांना हात करायची. काही जण परत हातही करायचे.

शाळेत हजेरीला माझं नाव आलं की अख्खा वर्ग "भोंऽऽ" करायचा. मास्तर आधी रागवायचे. मग त्यांनाही सवय झाली, आणि एखाद्या दिवशी पोरं विसरली तर मास्तर स्वतःच करायचे. एकदा तपासणीला साहेब आले. "समुद्रातून जाणारं एक वाहन सांगा," म्हणाले. सगळ्या वर्गानं माझ्याकडे बघितलं. साहेबांना काही समजेना. मास्तरांनी त्यांच्या कानात सांगितलं. साहेब हसून म्हणाले, "काय गं, तू चालतेस का पाण्यात?"

"पोहते," मी म्हणाले.

नावाची लाज मला कधी वाटली नाही. आमच्या वर्गात तीन सुनीता होत्या. एकीला हाक मारली की तिघी वळायच्या. मला हाक मारली की गाव वळायचं.

मग श्रीरंग मला बघायला आला. रत्नागिरीचे भाटकर, मुलगा वीज मंडळात. पोह्याची बशी हातात घेऊन त्यानं विचारलं, "नाव काय?"

"आगबोट."

त्याला असा ठसका लागला की शेंगदाणा नाकातून बाहेर आला. बाबांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, आईनं पाणी दिलं. डोळे पुसत तो म्हणाला, "छान आहे. विसरायला होणार नाही."

मी तिथंच पसंत केला.

माईंना मुलगी पसंत पडली, नाव नाही. "आमच्यात वाहनांची नावं ठेवत नाहीत," त्या बाबांना म्हणाल्या. "उद्या शेजारणीनं विचारलं सून कुठाय, तर काय सांगू? आगबोट मासळी आणायला गेलीय? आणि आज हिला चालवून घेतली तर धाकट्याची बायको मालट्रक आली म्हणून मी काय बोलणार?"

"लग्नात नाव बदलायची रीतच आहे," बाबा घाईघाईनं म्हणाले. एवढ्या वर्षांनी त्यांना सुटकेची वाट दिसली होती.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आता त्याचं कारण काय सांगू? श्रीरंगचे केस कुरळे होते.

हे फक्त आत्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं ठरलं होतं. कोण सांगणार ते ठरलं नव्हतं. ते काम शेवटी एका पातेल्यानं केलं. माझ्या नणंदेनं, प्रमिलावन्संनी, हौसेनं स्टीलची भांडी घेतली आणि त्यांवर मशिननं 'सौ. मृणाल' असं कोरून आणलं. साखरपुड्याला ती भांडी मांडली होती. आत्यानं त्यातलं एक पातेलं उचलून उजेडात धरलं.

"ही मृणाल कोण गो?"

माझी आई नारळाची शेंडी सोलायला लागली, आणि तो आधीच सोललेला होता.

आत्या काही म्हणाली नाही. तिथंच आम्ही सावध व्हायला हवं होतं. ती घरी गेली, माळ्यावरून माझा जुना पाळणा काढला, चिंच लावून त्याच्या कड्या घासल्या, आणि लग्नात रुखवताच्या टेबलावर करंज्या आणि अनारशांच्या मधोमध नेऊन ठेवला. भाटकरांकडच्या म्हाताऱ्या तो बघून गालात हसल्या. "आत्याबाईंना घाई झालेली दिसते," म्हणाल्या. आत्याही हसली. मग नवरीची पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर गाडीत बसली आणि पाळणा मांडीवर घेऊन रत्नागिरीला आली.

"परत करा म्हणजे काय करायचं?" माईंनी आता ओटीवर विचारलं.

"ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं काढायचं. पाळण्यात घालून, कानातून."

"हिला? पाळण्यात?" माईंनी माझ्याकडे बघितलं. मी शालूत होते, आणि शालू नसतानाही मी पाळण्यात मावण्यासारखी नव्हते.

"डोकं घातलं तरी पुरे. नाव काय पायात राहतं?"

माई भटजींकडे वळल्या. "गुरुजी, असं काही असतं का हो शास्त्रात?"

भटजींच्या हाती अंगठी नुकतीच लागली होती. ते म्हणाले, "नसतंच असं म्हणता येणार नाही. पण मला पाठ नाही."

"बारशाचंच उलटं म्हणा," आत्यानं सुचवलं.

"उलटं म्हटलं तर परिणाम उलटा होईल."

"मग आम्ही दुसरं काय मागतोय?"

भटजींना हे पटलं. पण विचार करता करता त्यांना एक नवीनच भीती सुचली. "माई, यात एक धोका आहे. जुनं निघाल्यावर आणि नवं लागायच्या आधी मुलगी बिननावाची राहणार. नवी सून, लक्ष्मीपूजन व्हायचंय, आणि बिननावाची! संकल्प कुणाच्या नावानं सोडू?"

माईंचा चेहरा उतरला. त्या रीतीभाती पाळणाऱ्या बाई होत्या. शेजारच्या घरी मांजर आडवं गेलं तरी त्या स्वतः दोन मिनिटं थांबायच्या. "श्रीरंग," त्या म्हणाल्या, "तू अंगठी धरून तयार राहा. जुनं निघालं रे निघालं की नवं घाल. मध्ये वेळ जाता नये."

"माई, हा काय फ्यूज आहे?"

"वीज मंडळात कशाला आहेस मग?"

पाळणा टांगायला कडी हवी होती. कडी होती ती ओटीवरच्या झोपाळ्याची, आणि झोपाळ्यावर माझे सासरे, भाऊ, पान खात बसले होते.

"अहो, उतरा," माई म्हणाल्या.

"मी काय केलं?"

"सुनेचं नाव काढायचंय."

"तिनं काय केलं?"

झोपाळा उतरला, पाळणा चढला. आत्यानं पिशवीतून डबा काढला. त्यात घुगऱ्या होत्या, बारशाला वाटतात तसल्या, मीठमिरची लावलेल्या. "आधी खाऊन घ्या," ती म्हणाली. "उलटं आहे ना, प्रसाद आधी." वऱ्हाडी मंडळी भुकेली होती. घुगऱ्या खाल्ल्यावर सगळ्यांना या विधीबद्दल एकदम श्रद्धा वाटायला लागली.

बारशाला बाळाला पाळण्याखालून आणि वरून देतात-घेतात. खालून जाणं जमलं. मी रांगत गेले. पण निघताना माझी मुंडावळी पाळण्याच्या झालरीत अडकली. मी ओढली, पाळणा झुलला आणि भटजींच्या कपाळावर टण्णकन आपटला. वरून द्यायला मला कोण उचलणार हा प्रश्न आला, तेव्हा श्रीरंग बाह्या सारत पुढे झाला. माईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बाह्या परत खाली घेतल्या.

"वरून दिली असं समजू," भटजी कपाळ चोळत म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसले आणि पाळण्यात डोकं घातलं. आत जुन्या लाकडाचा आणि चिंचेचा वास होता. कुणीतरी वरून शाल टाकली. मला हसू आवरेना. बाहेर भटजींनी काहीतरी उलटं म्हणायला सुरुवात केली होती. आत्यानं शालीखाली डोकं घातलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. बारशातले धपाटे लुटुपुटीचे असतात. हे नव्हते. सगळ्यात मोठा आवाज प्रमिलावन्संच्या हाताचा होता. त्यांना भांडी आठवत असणार.

"आत्ये, पाठ मोडेल तुझी," मी कुजबुजले.

"मोडू दे. ऐक. हे तुझ्या आईला माहीत नाही, आणि सांगायचंही नाही."

माझं हसू थांबलं.

"तू रडली नव्हतीस," आत्या म्हणाली. वर धपाटा बसला की तिचा शब्द तुटायचा, मग पुढे चालू व्हायचा. "भर दुपारची वेळ. जन्मलीस ती निळी. उलटी धरली, चापट्या मारल्या, काही नाही. तुझी आई शुद्धीत नव्हती. बोटीवरच्या बायका म्हणाल्या, संपलंय हे. ती डोळे उघडायच्या आत समुद्राला देऊन टाका, बघितलंन तर वेडी होईल. फडक्यात गुंडाळून दिलंनी माझ्याकडे. बायका बाजूला झाल्या. मी कठड्याशी गेले."

धपाटे चालूच होते. बाहेर कुणीतरी हसत होतं.

"हात पुढे केलेले होते गो मी. जयगड आलं, आणि बोटीनं भोंगा दिलान. माझे कान बसले. भोंगा थांबला तरी आवाज थांबेना. म्हटलं हे काय? तर तू. फडक्यातनं. लालभडक झालेली, मुठी आवळून, भोंग्याच्या वरताण. खलाशी धावत आले. उतारू न्यायला आलेले पडाववाले होड्यांतून वर बघायला लागले. अख्खी बोट तुझ्याकडे बघत होती."

तिचा श्वास माझ्या कानावर येत होता.

"मी नाव शोधलं नाही. आगबोटीनं तुला हाक मारली आणि तू ओ दिलीस. मी फक्त ते लोकांना सांगितलं. आता तुझा संसार आहे. परत द्यायचं असेल तर दे, मी घेईन. रागावणार नाही. नवरा चांगला आहे तुझा."

आणि ती शालीबाहेर निघून गेली.

मी आत होते. पाळण्याच्या दोन फळ्यांतून ओटी दिसत होती. आत्या कंबर धरून उभी होती, चेहरा असा की जणू बाजारात भाजीचा भाव ऐकून आली. बावीस वर्षं या बाईनं सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. बाबांची, आजोबांची, माझ्या मास्तरांची. 'बोटीवर झाली म्हणून' यापलीकडे एक शब्द तिनं कधी वाढवला नव्हता.

"निघालं का?" माईंनी विचारलं.

मी डोकं बाहेर काढलं. मुंडावळी एका कानावर, कुंकू नाकावर.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? अडकलं?"

"अडकलं नाही. मीच सोडलं नाही. मला ते हवंय."

माई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, ठरलं होतं आपलं. तू मान हलवली होतीस."

"हलवली होती, माई. तेव्हा मला वाटलं ते नुसतं नाव आहे."

"मग काय आहे?"

ते मी सांगणार नव्हते. "माझं आहे," एवढंच म्हणाले.

"लोक हसतील."

"हसतात. लहानपणापासून हसतात. हसून झालं की विसरत नाहीत."

माई भटजींकडे वळल्या. भटजींना त्या दिवशी आणखी मतं द्यायची हौस उरली नव्हती. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. माईंनी भाऊंकडे बघितलं. भाऊ बिनझोपाळ्याचे, खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "काय ते एक ठरवा. मला बसायचंय."

तेवढ्यात श्रीरंग ताटापाशी बसला. त्यानं ताट दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवलं. आठवडाभराचा 'मृ' तांदळात मिसळून गेला. अंगठी पुसून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय लिहू?"

या सगळ्या भानगडीत हा प्रश्न मला विचारणारा तो पहिलाच.

"आगबोट," मी म्हणाले.

त्यानं लिहिलं. सराव नव्हता, त्यामुळे शेवटचं अक्षर ताटाच्या काठावर चढलं आणि चार दाणे खाली सांडले. पण लिहिलं. प्रमिलावन्सं हळूच म्हणाल्या, "आणि भांडी?"

पण लिहून भागत नव्हतं. भाटकरांकडे रीत अशी, की ताटातल्या नावानं पहिली हाक सासूनं मारायची, सुनेनं ओ द्यायची, मग सासूनं पेढा भरवायचा. त्याशिवाय नाव लागू होत नाही. अंगणात पाहुणे उभे होते, दगडी गडग्यापलीकडून शेजारपाजारचे डोकावत होते. माईंच्या हातात पेढा होता. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या वळून आत गेल्या असत्या तर सगळं तिथंच संपलं असतं.

माईंनी एकदा ताटाकडे बघितलं. एकदा ठकूआत्याकडे. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पदरानं डोळे पुसत होती आणि कुणी बघू नये म्हणून पाळण्याकडे तोंड करून उभी होती. आत्याला मी त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. माईंनी बहुतेक तेवढंच पाहिलं.

"आगबोट," माई म्हणाल्या. अगदी बारीक. देवासमोर पुटपुटतात तसं.

"ऐकू आलं नाही!" अंगणातून एक म्हातारा ओरडला.

"आगबोट."

"मोठ्यानं, माई! आम्ही काय मुंग्या आहोत?"

माईंना राग आला. त्यांनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा मिरकरवाडा दणाणून जाईल अशी हाक दिली, "आगबोऽऽट!"

आणि मी ओ दिली.

कशी दिली ते मला सांगता येणार नाही. ती माझ्याच्यानं आवरली नाही. कौलांवरचे कावळे उडाले. भटजींची पळी हातातून सुटली. पलीकडच्या घरात झोपलेलं पोर जागं होऊन रडायला लागलं, आणि माडावर चढलेला एक गडी वरून विचारायला लागला, काय झालं, काय झालं म्हणून.

माईंनी एक कान दाबून धरला होता.

"बहिरी नाहीये मी," त्या म्हणाल्या, आणि अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला.